८ डिसेंबरचा सण नेमका कोणाच्या गर्भधारणेचा?

प्रश्न (पुणेकर प्रवासी):
गेल्या ८ डिसेंबरला मी पणजीत होतो. चर्चच्या नागमोडी पायऱ्यांखाली खाज्यांची दुकाने लागली होती आणि एका विक्रेत्या बाईंनी 'सायबिणीचे फेस्त' (म्हणजे मरियामातेचा सण) असे मोठ्या आपुलकीने सांगितले. सणाचे नाव 'निष्कलंक गर्भसंभव' आहे असे नंतर कळले. कुमारी मातेच्या पोटी येशूचा गर्भ राहिला, त्याचा हा सण असावा, असे मी धरून चाललो होतो. पण मग अवघ्या १७ दिवसांनी नाताळ कसा येतो? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर (वसईची धर्मशिक्षिका):
आपला हिशेब बरोबर आहे, गृहीतक तेवढे चुकले आहे. हा सण येशूच्या नव्हे, तर मरियेच्या स्वतःच्या गर्भधारणेचा आहे, म्हणजे तिची आई अन्ना हिच्या उदरात मरियेचे जीवन सुरू झाले त्या क्षणाचा. ८ डिसेंबरपासून नऊ महिने मोजले की ८ सप्टेंबर येतो, आणि तो मरियेचा जन्मदिन; बांद्र्याची मोतमाउलीची जत्रा त्याच सुमारास भरते ती त्यामुळेच. येशूच्या गर्भधारणेचा सण २५ मार्चला असतो आणि तेथून नऊ महिन्यांनी नाताळ येतो.

हा गोंधळ आमच्या वर्गातल्या मुलांचाही दरवर्षी होतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ८ डिसेंबरच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, लूकच्या शुभवर्तमानातला जो भाग वाचला जातो, त्यात गब्रिएल दूत मरियेला येशूच्या जन्माची वार्ता देतो. साहजिकच ऐकणाऱ्याला सण त्याच प्रसंगाचा वाटतो. वाचनाचा रोख मात्र दूताच्या अभिवादनावर आहे, कारण तो तिला 'कृपापूर्ण' म्हणून हाक मारतो. मरियेला आई-वडील होते आणि तिचा जन्म इतरांसारखाच झाला. 'निष्कलंक' याचा अर्थ एवढाच, की आदामापासून सर्वांना चिकटलेले आदिपाप तिला पहिल्या क्षणापासून स्पर्श करू शकले नाही.

उत्तर (एक प्रोटेस्टंट वाचक):
खुलासा आवडला, पण माझी अडचण वेगळी आहे. मरियेला पापच नव्हते, तर तिला तारणाऱ्याची गरज उरत नाही. मात्र तिच्या स्तोत्रात ती स्वतःच देवाला 'माझा तारणारा' म्हणते. आमच्या मंडळ्या आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च हा सिद्धांत मानत नाहीत.

उत्तर (वसईची धर्मशिक्षिका):
आपण उचललेला मुद्दा फार जुना आणि गंभीर आहे. संत थॉमस अक्वायनस यांनाही तेराव्या शतकात हीच अडचण वाटली होती, कारण ख्रिस्ताच्या तारणाबाहेर कोणीही असू शकत नाही, यावर ते ठाम होते. उत्तर दिले ते १३०८ साली निधन पावलेल्या डन्स स्कॉटस या फ्रान्सिस्कन विचारवंताने: मरियेचेही तारण झाले, मात्र ते आधीच, पापाचा स्पर्श होण्यापूर्वी.

मी मुलांना विहिरीचे उदाहरण देते. एक मूल विहिरीत पडले आणि कोणी त्याला बाहेर काढले. दुसऱ्याचा पाय काठावरून निसटत असतानाच आईने त्याचे मनगट घट्ट धरले. वाचली दोन्ही मुले, आणि दुसऱ्याच्या अंगाला पाणी लागले नाही म्हणून त्याला कोणी वाचवलेच नाही, असे आपण म्हणत नाही. पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी हा धर्मसिद्धांत जाहीर करताना हीच अट घातली, की मरियेला हे वरदान ख्रिस्ताच्या पुण्याईमुळे मिळाले. म्हणून 'माझा तारणारा' हे शब्द तिच्या तोंडी मला अधिकच खरे वाटतात. आपले मत वेगळे राहिले तरी मी त्याचा आदर करते.

प्रश्न (पुणेकर प्रवासी):
मनापासून आभार. हा सिद्धांत फ्रान्समधल्या लूर्द येथे झालेल्या मरियेच्या दर्शनांवरून आला, असे कोठेतरी वाचले होते. ते खरे आहे का?

उत्तर (वसईची धर्मशिक्षिका):
नाही, लूर्दची दर्शने १८५८ सालची, म्हणजे घोषणेनंतर चार वर्षांनी झालेली. तेथे २५ मार्चला बर्नादेत या चौदा वर्षांच्या गरीब मुलीने दर्शनात दिसलेल्या स्त्रीला नाव विचारले, तेव्हा तिच्याच बोलीत उत्तर मिळाले, 'मी निष्कलंक गर्भसंभव आहे.' बर्नादेतला त्या शब्दांचा अर्थ कळला नव्हता. ते विसरू नयेत म्हणून धर्मगुरूंच्या घरापर्यंत सगळी वाट ती ते पुटपुटत गेली.