शेवटचा हप्ता फिटतोय, फोन बदलू की बॅटरी टाकू? मदत हवी आहे

मंडळी, लातूरकडचा शेतकरी आहे. या महिन्यात फोनचा शेवटचा हप्ता फिटतोय. दुकानदार म्हणतो, जुना द्या, नवा ५जी घ्या, परत १२ हप्ते. सोयाबीनचे पैसे अजून हातात नाहीत, जीव नको म्हणतो.

फोन तसा ठणठणीत, फक्त बॅटरी दुपारीच मान टाकते. परवा बांधावर ई-पीक पाहणी करत होतो. लोकेशन लागलं, फोटो काढणार तेवढ्यात २२ टक्क्यांवरून फोन बंदच पडला. लिथियमच्या बॅटरीला आपलं ऊन सोसत नाही, हे पटतं. पण सिक्युरिटी अपडेटही थांबलेत आणि बँकेचं खातं याच फोनवर, त्याचीच जास्त धास्ती.

नुसती बॅटरी बदलून कुणी दोन वर्षं काढली का? ओरिजिनल बॅटरी ओळखायची कशी?