विषय: आग रँचो बर्नार्डोपर्यंत आली आहे, घरी थांबावे की निघावे?

सोमवार, २२ ऑक्टोबर २००७, पहाटे ५.२०

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

काल दुपारी इथे कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोजवळच्या रमोना गावाच्या पूर्वेला विच क्रीकजवळ लागलेली आग रात्रीतून सॅन डिएगोच्या रँचो बर्नार्डो भागात शिरल्याचे टीव्हीवर सांगत आहेत. आमचे घर त्याच्या दक्षिणेला, पेन्यास्किटोसमध्ये आहे. घर सोडण्याचा आदेश आम्हाला अजून आलेला नाही, म्हणून सामान गाडीत भरून, दिवे लावून आम्ही बसून आहोत. दर दहा मिनिटांनी मी वरच्या खिडकीतून पाहून येते. ईशान्येकडे टेकडीमागचे आकाश तांबूस झाले आहे, पण ज्वाळा दिसत नाहीत, आणि ज्वाळा दिसत नाहीत तोवर निघण्यास मन घेत नाही.

सासरे जुलैपासून आमच्याकडे आहेत. २००५ च्या पुरात सांगलीला कृष्णेचे पाणी ओसरीवर चढले तरी त्यांनी घर सोडले नव्हते, माडीवर चार दिवस काढले होते. त्यामुळे न दिसणाऱ्या आगीला भिऊन पहाटे घराला कुलूप लावणे त्यांना पटत नाही. पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रे आणि त्यांची औषधे घेतली आहेत. २००३ ची आग ज्यांनी पाहिली आहे त्यांनी कृपया कळवावे, की आदेशाची वाट पाहणे योग्य आहे काय?

पेन्यास्किटोसहून एक सभासद

सोमवार, २२ ऑक्टोबर, सकाळी ५.५०

नमस्कार,

वाट जरूर पाहावी, पण ती आमच्या घरी येऊन पाहावी. आम्ही आता मीरा मेसात राहतो, दोन खोल्या रिकाम्या आहेत आणि चहाचे आधण ठेवले आहे.

२००३ मध्ये आम्ही स्क्रिप्स रँचमध्ये होतो. ‘सीडर’ नावाची ती आग शनिवारी, २५ ऑक्टोबरला संध्याकाळी लागली, त्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. ती दूर रमोनाकडे आहे असे ऐकून आम्ही झोपलो आणि पाडव्याच्या सकाळी ती आमच्या गल्लीत होती. त्या दिवशी स्क्रिप्स रँचमधली तीनशेहून अधिक घरे गेली. तेव्हा लक्ष्मीपूजन, काल दसरा. यात अपशकुन काही नाही. आपले सण आणि सांता आना वाऱ्यांचा हंगाम एकाच वेळी येतात, एवढेच. नेवाडा-युटाच्या पठारावरची हवा डोंगरांच्या खिंडींतून समुद्राकडे उतरताना दाबली जाऊन तापते, कोरडी होते, आणि सहा महिने पाऊस न पाहिलेल्या झुडपांवरून वाहते.

आपल्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगून एवढे सांगावे, की पुरात माडीवर जाता येते, पण या आगीत बहुधा माडीच आधी पेटते. आमच्या समोरचे घर जळाले तेव्हा ज्वाळा त्याच्यापासून बऱ्याच लांब होत्या. वाऱ्याने उडालेले निखारे छपराखालच्या जाळीतून माळ्यावर शिरले आणि बाहेरच्या भिंतीचा रंगही उतरला नव्हता तेव्हा आतून धूर येऊ लागला. खिडकीतून ज्वाळा दिसण्याची वाट पाहणे म्हणूनच फसवे आहे.

आदेशाचा ध्वनिमुद्रित फोन घरच्या फोनवर येतो. वीज गेली की कॉर्डलेस फोन बंद पडतो, त्यामुळे वायरीचा जुना फोन असेल तर तो भिंतीला जोडून ठेवावा. गाडी आत्ताच गॅरेजबाहेर काढून रस्त्याच्या दिशेने तोंड करून उभी करावी. २००३ मध्ये वीज गेल्यावर आमचे गॅरेजचे दार उघडेना. आतली लाल दोरी ओढून ते हाताने वर उचलता येते, हे आम्हाला शेजाऱ्याने ओरडून सांगितले. खिडक्या बंद कराव्यात, पण दारांना कुलूप न लावता ती नुसती ओढून घ्यावीत, म्हणजे अग्निशमन दलाला आत जाता येते. पडदे काढावेत, सोफा काचेपासून दूर ओढावा आणि दाराबाहेरचे काथ्याचे पायपुसणे आत घ्यावे. पंधरा नंबरच्या फ्रीवेचा भरवसा धरू नये, ब्लॅक माउंटन रोडने यावे.

मीरा मेसाहून एक सभासद

सोमवार, २२ ऑक्टोबर, रात्री ९.१०

सर्वांस नमस्कार,

आम्ही सकाळी साडेसहाला निघालो. आदेशाचा फोन आला असेल तर तो आमच्यामागे आला. आम्ही मीरा मेसाला सुखरूप आहोत. आसऱ्यासाठी क्वालकॉम स्टेडियमवर गेलेल्या दोन कुटुंबांशीही बोलणे झाले आहे.

पायपुसणे उचलताना वर दसऱ्याचे तोरण दिसले. आदल्या दिवशी सकाळी ओवलेली झेंडूची फुले एका रात्रीच्या वाऱ्याने इतकी वाळली होती, की हात लावताच पाकळ्यांचा चुरा झाला. ते पाहून सासऱ्यांनी स्वतःच तोरण काढले, पाण्याच्या बादलीत बुडवले आणि एक शब्दही न बोलता गाडीत जाऊन बसले.

घर आहे की नाही हे सांगणारे कोणी नाही. टीव्हीवर एकच गल्ली पुन्हा पुन्हा दाखवतात आणि ती आमची नाही. दुपारी सासऱ्यांनी एक युक्ती काढली. ते आमच्याच घरी फोन लावतात. चार रिंगा झाल्या की उत्तराचे यंत्र उचलते आणि धाकटीच्या आवाजात निरोप ठेवायला सांगते. म्हणजे निदान घर उभे आहे आणि वीजही आहे. आतापर्यंत सात वेळा तिने निरोप मागितला आहे. दहाला पुन्हा फोन लावायचा म्हणून ते चष्मा न काढता जागे बसले आहेत.

पेन्यास्किटोसच्याच, सध्या मीरा मेसात