कडक हिवाळ्यानंतर नराची शिंगं बारीक आली. यंदा कळपाला मका घालावा का?

पाणवठा:

नमस्कार मंडळी. आमच्या घरामागचं रान पुढे मोठ्या जंगलाला जाऊन मिळतं. तिथे व्हाइटटेल, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा एक कळप बरीच वर्षं आहे. ओढ्याजवळ मी ट्रेल कॅमेरा (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा) लावलेला असतो, त्यामुळे ठरावीक जनावरं आता ओळखू येतात. त्यातल्या एका नराचा डावा कान टोकाला फाटलेला आहे, म्हणजे दुसऱ्याच नराला तो समजण्याचा प्रश्न नाही. गेल्या वर्षी ऑगस्टअखेर त्याच्या शिंगांना दोन्ही बाजूंची मिळून दहा टोकं होती आणि बुंधा चांगला जाड होता. यंदा त्याच सुमाराच्या फोटोत आठच टोकं आहेत, आणि दांडा इतका बारीक की कान पाहिला नसता तर पोरगेला नर वाटला असता.

मधला हिवाळा फार वाईट गेला. डिसेंबरात पडलेला बर्फ एप्रिलपर्यंत हटला नाही. फेब्रुवारीत मध्येच पाऊस झाला आणि बर्फावर कडक थर धरला. हरणांचे पाय त्यातून आरपार जात होते. पाडसंही यंदा कमी दिसतात. एका मादीमागे दरवर्षी जुळी असायची, तिच्यामागे एकच आहे आणि तेही किरकोळ.

माझा गोंधळ असा आहे की हिवाळ्यात नराच्या डोक्यावर शिंगं नसतातच. ती तर वसंतात नव्याने येतात. मग थंडीचा त्यांच्यावर परिणाम होतो तरी कसा? हा नर पुढच्या वर्षी सावरेल का? आणि आसपासचे सगळे सांगतात की यंदा मका टाका. टाकू का?

काटेसावर:

आधी दोन गोष्टी तपासा. पहिली वय. व्हाइटटेल नराची शिंगं साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात सर्वांत भरदार असतात, त्यानंतर उतरू लागतात. दुसरी गोष्ट जखम. मागच्या पायाला मोठी इजा झाली की बहुतेक वेळा विरुद्ध बाजूचं शिंग वेडंवाकडं किंवा खुरटं येतं. जुन्या फोटोंत तो लंगडताना दिसतो का ते बघा. दोन्ही शिंगं सारखीच बारीक असतील तर जखमेपेक्षा पोषणाकडे बोट दाखवावं लागेल.

पाणवठा:

लंगडत नाही. दोन्ही बाजू सारख्याच आहेत. वय पाचच्या आसपास असावं, कारण पहिल्यांदा दिसला तेव्हा डोक्यावर नुसते दोन सुळके होते.

देवदार:

मग हा हिवाळ्याचाच परिणाम मानायला हरकत नाही. मात्र तो कोणत्या वाटेने होतो हे कळलं की तुमच्या मक्याच्या प्रश्नाचं उत्तरही बरंचसं मिळेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हिवाळा संपताना मेलेल्या हरणांची मोजणी करणाऱ्या गटांबरोबर मी बरीच वर्षं रानात गेले आहे, त्यामुळे या विषयावर बोलताना मी थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

शिंगं कधी उगवायची आणि कधी गळायची हे थंडी ठरवत नाही, दिवसाची लांबी ठरवते. दिवस मोठा होऊ लागला की वसंतात वाढ सुरू होते. उन्हाळ्यात त्यावर मखमली कातडी असते, आत रक्त खेळतं. उन्हाळा सरता सरता हाड घट्ट होतं आणि ती कातडी नर झाडाझुडपांवर घासून काढतो. माजाचा काळ उरकला की टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक उतरतं आणि शिंगं गळतात. उपासमारीतला अशक्त नर ती लवकर टाकतो, एवढाच काय तो थंडीचा तारखांवर परिणाम. आकाराचं मात्र तसं नाही. आकार ठरवणाऱ्या तीन गोष्टी: वय, आईबापांकडून आलेलं, आणि वाढीच्या महिन्यांत अंगात किती साठा आहे. हिवाळा घाला घालतो तो या तिसऱ्यावर.

प्रौढ नराची हिवाळ्याची सुरुवातच वाईट असते. शरदात माजावर असताना तो खाणंपिणं सोडून माद्यांमागे धावतो, इतर नरांशी झुंजतो, आणि त्यात अंगाचा पाचवा हिस्सा तरी झडवून बसतो. चरबी जिथे सगळ्यांत जास्त लागणार तिथेच त्याच्याकडे ती सगळ्यांत कमी उरते. म्हणून मोजणीत आम्हाला पाडसं सगळ्यांत जास्त सापडतात आणि त्यांच्या खालोखाल म्हातारी जनावरं आणि थोराड नर. मेलेल्या हरणाच्या मांडीचं हाड फोडून आतला मगज, म्हणजे हाडातली मज्जा, बघतात. धडधाकट जनावराचा मगज पांढरा आणि लोण्याइतका घट्ट असतो. उपासाने गेलेल्याचा लालसर, पाणीदार, बोटाला चिकटणारा. पाठीवरची चरबी आधी जाते, मग मूत्रपिंडाभोवतीची, आणि मगजातली अगदी शेवटी. तो लाल मगज दिसला की त्या जनावराकडे जाळायला काहीच उरलेलं नव्हतं हे कळतं. इतक्या वर्षांनंतरही ते हाड हातात धरताना मला वाईट वाटतं.

तुमचा नर त्यातून वाचला, पण वसंतात रिकाम्या अंगाने बाहेर आला. आता कोवळा पाला फुटला की पहिला घास कुठे जातो? स्नायूंकडे, मग चरबीकडे. शिंगं रांगेत शेवटी. त्यातून शिंगांची मागणीही अफाट. वाढीच्या भरात व्हाइटटेलचं शिंग दिवसाला सेंटीमीटरच्या आसपास वाढतं, मोठ्या जातींत दोनहूनही जास्त. प्राण्यांच्या शरीरातल्या सगळ्यांत वेगाने वाढणाऱ्या ऊतींत त्याची गणना होते. इतकं कॅल्शियम आणि फॉस्फरस रोजच्या चाऱ्यातून भागत नाही, म्हणून हरीण ते आपल्याच हाडांतून, मुख्यतः बरगड्यांतून, उसनं काढतं आणि नंतर भरून टाकतं. साठाच कमी असेल तर उसनवारीही तोकडी पडते. वसंत उशिरा आला, बर्फ एप्रिलभर राहिला, तर नेमकी वाढीची सुरुवातच भुकेत जाते. माझं मत असं की शिंगांच्या बाबतीत जानेवारीच्या कडाक्यापेक्षा लांबलेला एप्रिल जास्त घातक.

तो सावरेल का? पाचच्या आसपासचा नर, पुढचा हिवाळा बेताचा आणि वसंत वेळेवर आला तर पुढच्या ऑगस्टात पुन्हा दहा टोकं घेऊन कॅमेऱ्यासमोर येईल अशी चांगली आशा आहे. काळजी त्याची करू नका. काळजी त्या एकट्या किरकोळ पाडसाची करा.

व्हाइटटेल मादी साधारण २०० दिवस गाभण असते आणि पोटातल्या पाडसाची बहुतेक वाढ शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात होते, म्हणजे नेमकी हिवाळ्याच्या शेपटाला. आई उपाशी तर पाडस हलकं जन्मतं, आईला दूधही कमी. ते जगलं तरी पुढे अंगाने आणि शिंगांनी मागे राहू शकतं. याचा एक सुंदर दाखला साउथ डकोटा राज्यातला आहे. तिथल्या ब्लॅक हिल्स भागातले नर राज्याच्या पूर्वेकडच्या नरांपेक्षा लहान असतात. संशोधकांनी दोन्हीकडची हरणं आणून एकसारखा उत्तम चारा देऊन वाढवली. ब्लॅक हिल्सच्या आयांची पहिल्या पिढीतली पोरं भरपूर खाऊनही लहानच राहिली. त्यांची पुढची पिढी मात्र पूर्वेकडच्यांच्या बरोबरीला आली. हे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे आजीच्या अंगावरचे वाईट दिवस नातवाच्या वेळी फिटले. स्कॉटलंडच्या रम बेटावर लाल हरणांचा एकेक जनावर ओळखून दीर्घ अभ्यास चालू आहे, तिथेही थंड वसंतानंतर जन्मलेली पाडसं वजनाने कमी भरतात.

म्हणून एका नराची शिंगं पाहून कळपाची तब्येत ठरवू नका. माद्यांमागे पाडसं किती आणि कशी आहेत ते बघा.

गवताळ:

मक्याबद्दल मी ठाम सांगतो: टाकू नका.

हरीण रवंथ करणारं जनावर आहे. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव हिवाळ्यात डहाळ्या, कळ्या, सालं असल्या तंतुमय खाण्याला सरावलेले असतात. अचानक पिठूळ मका पोटभर मिळाला की पहिल्या कप्प्यात आम्ल भराभर वाढतं आणि जनावर दिसायला धडधाकट असताना एकदोन दिवसांत मरतं. नव्या खाण्याला ते सूक्ष्मजीव सरावायला दोनतीन आठवडे लागतात, आणि लोकांना दया येते ती नेमकी फेब्रुवारीत, जेव्हा तेवढा वेळ उरलेला नसतो. वाळलेल्या गवताचंही तेच. पोट गवताने गच्च भरलेलं असताना भुकेने मेलेली हरणं सापडलेली आहेत, कारण ते पचलंच नाही.

दुसरं म्हणजे एका ढिगाभोवती सगळा कळप तोंडाला तोंड लावून उभा राहतो. हरणांचा तो झिजवणारा मेंदूरोग, सीडब्ल्यूडी, १९६७ मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांत पहिल्यांदा लक्षात आला आणि आज उत्तर अमेरिकेत कितीतरी ठिकाणी पसरलाय. लाळ, मूत, विष्ठा यांतून तो पसरतो, मातीत वर्षानुवर्षं टिकतो आणि त्यावर इलाज नाही. खाऊ घालायला कित्येक ठिकाणी कायद्याने बंदी आहे ती याचमुळे. तुमच्याकडचा नियम काय ते वनखात्याला विचाराच.

पाणवठा:

हे वाचून मका बाद. पण मग हात बांधून बसायचं का? त्या मादीला आता रोज बघतो, ती अजून एकच पाडस घेऊन येते.

देवदार:

हात बांधून मुळीच नाही. तुमच्या रानात सदाहरित सूचिपर्णी झाडांचा दाट पट्टा असेल तर त्याला हात लावू नका. त्या फांद्या बर्फ वरच्या वर अडवतात, खाली थर कमी साचतो, वारा अडतो. हरणं कडाक्यात तिथेच गोळा होतात आणि जाण्यायेण्याच्या वाटा तुडवून ठेवतात. अर्धा मीटर बर्फातून छातीने वाट काढणं हा त्यांच्यासाठी सगळ्यांत महाग खर्च असतो. मोकळ्या बाजूला पानझडीची काही झाडं तोडायचीच असतील तर ती भर हिवाळ्यात पाडा, शेंड्याच्या डहाळ्या तोंडाशी येतात आणि पचतातही, कारण पोट त्यालाच सरावलेलं असतं. वसंतात त्या बुंध्यांना धुमारे फुटतात, तो चारा पुढची काही वर्षं पुरतो.

आणि त्यांना पळवू नका. कुत्रा बांधून ठेवा, बर्फावरची वाहनं त्या पट्ट्यापासून लांब ठेवा. हिवाळ्यात हरीण हालचाल आणि खाणं दोन्ही कमी करून, अंगचा साठा थोडा थोडा जाळत तग धरतं. २०–३० टक्के वजन उतरलं तरी ते वाचू शकतं, पण रोज दोनदा धूम पळावं लागलं तर नाही.

हिवाळा किती वाईट गेला हे मोजायचं असेल तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची पद्धत घरीही जमते. १ डिसेंबर ते ३० एप्रिल या काळात जमिनीवर ४६ सेंटीमीटर किंवा जास्त बर्फ असलेल्या प्रत्येक दिवसाला एक गुण, आणि तापमान उणे १८ अंश सेल्सिअस किंवा खाली गेलेल्या प्रत्येक दिवसाला एक. एकाच दिवशी दोन्ही झालं तर दोन गुण. बेरीज ५० च्या आत राहिली तर हिवाळा सौम्य, १०० च्या पुढे गेली तर अतिशय कडक. वहीत टिपत जा आणि शेजारी पुढच्या उन्हाळ्यातली पाडसं लिहा.

हिमरेषा:

एक भर घालतो. फेब्रुवारीतल्या पावसाचा उल्लेख तुम्ही केलात, तो मला सगळ्यांत जास्त खटकला. उत्तरेकडच्या रेनडिअरना, म्हणजे बर्फाळ प्रदेशातल्या हरणांना, नुसत्या थंडीचं भय नसतं. बर्फावर पाऊस पडून गोठला की खालचा चारा खुरांना उकरता येत नाही. २०१३ च्या शरदात सायबेरियातल्या यमालमध्ये असंच झालं आणि हजारो रेनडिअर उपाशी मेले. हिवाळा ऊबदार झाला की हरणांचं भलंच होईल असं समजू नये. मूस या सगळ्यांत थोराड हरणाच्या बाबतीत तर शरद लांबला आणि बर्फ उशिरा आला की हिवाळी गोचिडी फोफावतात आणि वासरं रक्त आटून मरतात.

दुसरं, कळप रानाच्या मानाने फार वाढलेला आहे का तेही पाहा. अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ मध्ये २९ रेनडिअर सोडले होते. शिकारी जनावर कोणी नाही, दगडफुलाचा चारा मुबलक, १९६३ च्या उन्हाळ्यापर्यंत ते सुमारे ६,००० झाले. चारा ओरबाडून संपला होता, त्यात १९६३–६४ चा हिवाळा भयानक निघाला. १९६६ मध्ये मोजले तेव्हा ४२ उरले होते. त्यांत पाडस एकही नव्हतं, नर एकच, आणि त्याचीही शिंगं विकृत. तुमच्या रानात हरणाच्या तोंडाच्या उंचीपर्यंतची झाडं खालून साफ बोडकी झाली असतील तर नुसत्या हिवाळ्याला दोष देऊन चालणार नाही.

पाणवठा:

आत्ताच ओढ्यापलीकडे जाऊन पाहून आलो. सूचिपर्णी झाडांच्या पट्ट्याखाली कोवळी रोपं बरीच आहेत, खालच्या फांद्यांना पानंही आहेत. पलीकडच्या उतारावर मात्र छातीच्या उंचीपर्यंत सगळ्या डहाळ्या कुरतडलेल्या. तिकडची काही झाडं जानेवारीत पाडायची ठरवतोय, त्याआधी वनखात्याशी बोलतो. कॅमेरा त्या मादीच्या वाटेवर हलवलाय.