मदत हवी आहे: कोरोनानंतर रावेर भागात केळी वेफर्सचं छोटं युनिट – तेल, इंधन, अनुदान यांचा हिशेब जुळत नाहीये

तापीकाठ (जून २०२२)

राम राम मंडळी. रावेर तालुक्यात रोज ५० किलो केळी वेफर्स काढणारं युनिट टाकायचं आहे. गावठाणात ६०० चौरस फुटांची पक्की खोली आहे, ग्रामपंचायतीचा नमुना आठ (घरपट्टीचा उतारा) नावावर आहे. यंत्रं आणि बसवणुकीसाठी ६ लाखांचा अंदाज धरलाय. शाळा, बसस्थानकं, यात्रा दोन वर्षांनी पूर्ण सुरू झाल्यात आणि श्रावण २९ जुलैला लागतोय, म्हणून बाजाराची चिंता कमी वाटते. अडचण खर्चाची आहे.

१) जी-नाइन जातीच्या केळीचे वेफर्स लालसर पडतात आणि दुसऱ्या आठवड्यात मऊ होतात. का?
२) किलोमागे खरा खर्च किती धरायचा? तेलाचे भाव पाहून छाती दडपते.
३) प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेचं ३५ टक्के अनुदान नेमकं केव्हा हातात येतं? एक एजंट फाइलचे पंधरा हजार मागतोय.
४) वेफर्सऐवजी केळीची पावडर करावी, असं काहीजण सांगतात. करावी का?

कढई_झारा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कढईत नाही, बागेत आहे. वेफर्सला ७५ ते ८० टक्के तयार झालेला, पण पूर्ण कच्चा माल लागतो. घड एकदा पिकायला लागला की स्टार्चची साखर होते आणि साखर तेलात करपते. साल हिरवीगार असली तरी आतला गर पिवळसर दिसला तर तो माल वेफर्सला घेऊ नका. रायपनिंग चेंबरच्या (केळी पिकवायच्या खोलीच्या) शेजारी माल ठेवू नका, तिथला इथिलीन वायू कच्च्या घडालाही पिकवतो. कोल्ड स्टोरेजमधून परत आलेला मालही नको. साधारण १३ अंशांच्या खाली राहिलेली केळी आतून काळवंडते. कटाईपासून २४ तासांत, फार तर ३६ तासांत तळून मोकळे व्हा.

जून आहे म्हणून मुद्दाम सांगतो. वादळात आडव्या झालेल्या बागांचा माल या दिवसांत मातीमोल भावानं मिळतो आणि नवा माणूस तिथेच फसतो. ६०-६५ टक्क्यांवर पडलेल्या घडात स्टार्च भरलेला नसतो. त्यातून वेफर कमी निघतो आणि तेल जास्त पितो. केळीत वाचवलेले दोन रुपये तेलात चार होऊन जातात.

आता कामाचा क्रम. सोलताना हाताला तेल लावा, नाहीतर चिकानं हात आणि गर दोन्ही काळे होतात. सोललेली केळी लगेच सायट्रिक आम्लाच्या पाण्यात टाका, १० लिटर पाण्याला १० ग्रॅम, पाच मिनिटं. चकती १.२ मिलिमीटर. दोन मिलिमीटरला गेली की मध्यभागी ओल राहते आणि तुमचा दुसऱ्या आठवड्याचा मऊपणा बहुधा तिथूनच येतोय. चकत्या धुऊन, निथळून मगच कढईत. ओल्या टाकल्या तर तेल उसळतं आणि लवकर खराब होतं.

तेल १७० ते १७५ अंश. थर्मामीटर घ्याच, धुरावर अंदाज बांधू नका. ३० किलो तेलात एका वेळी ३ किलोच चकत्या. घाईनं पाच किलो ओतल्या की तापमान १४० वर येतं आणि वेफर तळला न जाता तेलात भिजतो. तीन-चार मिनिटांत बुडबुडे थांबतात, झाऱ्यावर खणखण वाजतं, तेव्हा काढायचं. तेल नितारायच्या सेंट्रीफ्यूजमध्ये गरम असतानाच दोन मिनिटं फिरवा, थंड झाल्यावर तेल आत मुरतं. मग पूर्ण गार झाल्यावरच पाउच. कोमट वेफर पाउचमध्ये गेला तर आतल्या आत घाम सुटतो, हे मऊपणाचं दुसरं कारण. मेटलाइज्ड (चंदेरी थराचं) पाउच आणि आत नायट्रोजन वायू असेल तर दोन-तीन महिने कुरकुरीत राहतो. साध्या पारदर्शक पिशवीत पावसाळ्यात पंधरा दिवस निघाले तरी पुष्कळ.

पितळेचा झारा असेल तर आजच बाजूला ठेवा. तांब्याच्या अंशानं तेल लवकर खवट होतं.

हिशेबवही

दुसरा प्रश्न. खालचे भाव धरलेले आहेत, तुमच्या दिवसाचे भाव घालून पुन्हा मांडा. प्रमाणं मात्र सहसा बदलत नाहीत.

जी-नाइनचा एक किलो वेफर म्हणजे सालीसकट साडेचार किलो केळी. साल आणि दांडा गेल्यावर २.७ किलो गर राहतो, त्यातलं दोन किलो पाणी तळताना उडतं आणि त्याच्या जागी साधारण ३२० ग्रॅम तेल बसतं. म्हणजे:

केळी ८ रुपयांनी ३६ रुपये.
तेल १४० रुपयांनी ४५ रुपये.
गॅस, किलोमागे २८० ग्रॅम, ११५ रुपयांनी ३२ रुपये.
मजुरी, सोलायला आणि पॅकिंगला चार बाया व एक कारागीर, दिवसाचे १५०० धरले तर ३० रुपये.
मीठ-मसाला ३, पॅकिंग १२.

बेरीज १५८. डीलरला १८० नं दिला तर किलोमागे २२ सुटतात. महिन्याचे २५ दिवस, १२५० किलो, म्हणजे २७,५०० रुपये. कर्ज ५.४ लाख (६ लाखांतले ९० टक्के), साडेदहा टक्के, पाच वर्षं, हप्ता साधारण ११,६००. उरले १५,९००. त्यात लाइट बिल, गाडीभाडं आणि परत आलेला माल. दोन माणसांचा संसार यावर चालणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवा.

केळीचा भाव ८ चा १६ झाला तर हेच २२ रुपये उणे १४ होतात. म्हणून बोर्डाच्या (बाजारात रोज जाहीर होणाऱ्या) भावानं नवतीचा (नव्या बागेचा चांगला) माल घेऊन वेफर्स कधीच करायचे नाहीत. निर्यातीच्या आणि दिल्लीच्या मालातून वेगळ्या पडलेल्या फण्या, डाग पडलेला पण कच्चा माल, वापसी (निवडीत मागे पडलेला माल), यावरच हा धंदा उभा राहतो. बॉक्स पॅकिंग करणाऱ्या दोन-तीन ठिकाणांशी रोजच्या २२५ किलोंचा तोंडी नाही, लेखी करार करा. बऱ्हाणपूरचा भाव चढला की तोंडी करार कोणी पाळत नाही.

तापीकाठ

हिशेबवही दादा, हे पाहून घाम फुटला. मग गॅसच सोडावा का?

पऱ्हाटी_पांढराकोळसा

सोडावाच, भाऊ. आपल्याकडे कपाशीच्या पऱ्हाट्यांचा पांढरा कोळसा (भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) मिळतो. किलो वेफरला सव्वा किलो लागतो, ७ रुपयांनी धरला तर ९ रुपये. गॅसच्या ३२ मधले २३ वाचले, म्हणजे वरच्या हिशेबातला नफा दुप्पट झाला. पण भट्टीचं तोंड खोलीच्या बाहेर काढा, जाळ बाहेरून घालायचा, कढई आत. चिमणी छपराच्या वर पाच-सहा फूट. भट्टी आत ठेवली तर काजळी वेफरवर बसते आणि अन्नसुरक्षा अधिकारी पहिल्याच भेटीत नोटीस देतो. ताव लगेच कमी-जास्त होत नाही, म्हणून सुरुवातीचा महिनाभर कारागीर चिडचिड करेल. पावसाळ्याचा साठा आत्ताच कोरड्या जागी भरा, ओला पांढरा कोळसा नुसता भुसा होतो.

कढई_झारा

तेलाबद्दल राहिलं. इंडोनेशियानं एप्रिलच्या शेवटी पाम तेलाची निर्यात बंद केली होती, ती बंदी मे महिन्यात उठली. म्हणून चढलेल्या भावात सहा महिन्यांचे डबे भरून ठेवू नका. पंधरा दिवसांचं तेल पुरे.

कढई मोठी घ्यायचा मोह टाळा. रोज ५० किलो वेफर्स १६ किलो तेल पितात. कढईत ३० किलो असेल तर दोन दिवसांत जवळपास सगळं तेल नवं होतं. ८० किलोची कढई घेतली तर तेच तेल पाच दिवस तापत राहतं. ३ किलोच्या घाण्यानं ५० किलोंना ४५ घाणे होतात, सहा मिनिटांनी एक धरला तर साडेचार तास. पहाटे पाचला सुरू करा, दहाच्या आत उरका. मे महिन्यात रावेरच्या उन्हात दुपारी कढईसमोर कोणी टिकत नाही.

कायद्यानं तेलातले टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापून तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही, १ जुलै २०१८ पासून. दिवसाला ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्याला नोंदवही ठेवणं आणि जुनं तेल अधिकृत संकलकालाच देणं बंधनकारक आहे. तुम्ही त्याच्या खाली आहात, तरी वही ठेवा. रोज संध्याकाळी तेल कापडातून गाळा, तळाचा चुरा राहिला की दुसऱ्या दिवशी तोच करपतो.

आणि हो, डिसेंबरात पामोलिन (तळायचं पाम तेल) गोठून वेफरवर पांढरी झाक येते. गिऱ्हाईक म्हणतं मेण लावलंय. थंडीत गरम असतानाच सेंट्रीफ्यूजमध्ये मिनिटभर जास्त फिरवा, झाक कमी होते.

फाइल_नंबर_सात

तिसरा प्रश्न. एजंटला एक रुपया देऊ नका. या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते. प्रकल्प अहवाल, ऑनलाइन अर्ज, बँकेचा पाठपुरावा हे तिचंच काम आणि तिचं मानधन सरकार देतं. जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात यादी मिळते. जळगावला ‘एक जिल्हा एक उत्पादन’मध्ये केळी आहे, त्यामुळे नव्या युनिटला अडचण नाही.

६ लाखांच्या प्रकल्पात तुमचे किमान १० टक्के म्हणजे ६०,०००, बाकी ५.४ लाख कर्ज. अनुदान ३५ टक्के म्हणजे २.१ लाख (कमाल मर्यादा १० लाख). हे पैसे तुमच्या हातात येत नाहीत. बँकेत वेगळ्या खात्यात पडून राहतात. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून ३ वर्षं खातं नियमित राहिलं आणि युनिट चालू असलं, की ते कर्जात वळते होतात. तीन महिन्यांच्या वर हप्ते थकून खातं एनपीए (थकीत कर्ज) झालं की अडचण सुरू. अनुदान धरून यंत्रांचा खर्च वाढवणारे इथेच अडकतात.

जागेची किंमत प्रकल्पात धरत नाहीत. खेळतं भांडवलही अनुदानात नाही. अर्जाच्या आधी यंत्रं विकत घेतलीत तर ती नंतर दाखवता येणार नाहीत. आधी मंजुरी, मग खरेदी. कोटेशन जीएसटी क्रमांक असलेल्या विक्रेत्याचंच घ्या.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) मोफत आहे, आधार-पॅनवर दहा मिनिटांत होते. पैसे मागणाऱ्या खोट्या वेबसाइट खूप आहेत, सांभाळा.

हिशेबवही

दोन गोष्टी जोडतो. तुमची विक्री वर्षाला २७ लाखांच्या घरात जाते. २०२२ च्या नियमानं अन्नसुरक्षेची शंभर रुपयांची साधी नोंदणी १२ लाखांपर्यंतच चालते, म्हणजे तुम्हाला राज्य परवाना लागेल. दिवसाला एक टनाच्या आतल्या उत्पादकाला वर्षाचे ३,०००. पाण्याचा तपासणी अहवाल लागतो, बोअरचं पाणी असेल तर तो आधीच करून घ्या.

मालाची विक्री ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, हे खरं. पण बऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर असलं तरी ते मध्य प्रदेशात आहे. तिथे एक पोतं जरी विकलं तरी तो आंतरराज्य पुरवठा झाला आणि नोंदणी पहिल्या दिवसापासून बंधनकारक. सुरत, इंदूरलाही हेच.

खेळत्या भांडवलाचं आत्ताच मागा, नंतर बँक ऐकत नाही. महिन्याचा माल १२५० गुणिले १५८, म्हणजे १,९७,५००. डीलरची महिन्याची उधारी आणि दहा दिवसांचा साठा धरला तर २.६ लाख अडकतात. ३ लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा (लागेल तसं उचलून परत भरायचं कर्ज) मागा. टाळेबंदीत बरीच छोटी युनिटं यंत्रं चांगली असूनही उधारीत बुडाली, दुकान बंद, डीलर फोन उचलत नाही. उद्यम क्रमांक बिलावर छापा, सूक्ष्म उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा आहे. गावच्या दुकानदारावर तो चालवाल असं नाही, पण मोठ्या डीलरला बिलावरचा क्रमांक दिसला की फरक पडतो.

सुकेळी

पावडरचं थोडक्यात. कर्नाटकात २०२१ मध्ये कच्च्या केळीचं पीठ घरोघरी झालं, ते पाहून इकडे उत्साह आलाय. १०० किलो केळीतून १२ ते १५ किलो पीठ निघतं, ५५-६० अंशांवर वाळवून ओल ५-६ टक्क्यांवर आणावी लागते, पावसाळ्यात त्याच्या गुठळ्या होतात. घरी चालतं, पण पोत्यानं घेणारा गिऱ्हाईक हातात असल्याशिवाय ड्रायर घेऊ नका. पिकलेल्या केळीच्या पावडरीला स्प्रे ड्रायर (गर फवारून वाळवणारं यंत्र) लागतो, तो तुमच्या ६ लाखांत बसत नाही.

तापीकाठ

खूप आभार. शेवटचं एक. सुरुवात श्रावणात उपवासाच्या पाकिटांनी करावी का? आणि वीज गावठाणाच्या फीडरवर (वीजवाहिनीवर) आहे, ती चालेल?

कढई_झारा

गावठाणाचा फीडर असेल तर उत्तमच, शेतीच्या फीडरवर मोजकेच तास वीज आणि तीही कधी रात्री. स्लायसर आणि सेंट्रीफ्यूज अर्धा ते एक अश्वशक्तीचे सिंगल फेजवर चालतात. मीटर मात्र औद्योगिक दराचं घ्या, घरगुती मीटरवर धंदा पकडला गेला तर दंडासकट बिल येतं.

उपवासाचं करा, पण सैंधव आणि जिरं-मिरीच, हळद-हिंग नाही. त्याच कढईत शेव-भजी तळलीत आणि पाकिटावर ‘उपवास’ छापलंत, तर फैजपूरच्या बाजारात बातमी संध्याकाळपर्यंत पोचते. आणि मंजुरी श्रावणाच्या आधी मिळेल असं धरू नका. २० ग्रॅमचं पाकीट नवरात्रासाठी ठेवा. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेला मात्र २०० ग्रॅमचं घेऊन जा, तिथे माणूस घरच्यांसाठी घेतो.