ग्रास टाइपला कमजोर म्हणणं बास झालं, चार्टच्या बाहेर पण बघा जरा

वेलवर्गीय
पोकेमॉन गेमच्या कुठल्याही चर्चेत ग्रास टाइपचा (प्रत्येक पोकेमॉनला असे एक-दोन टाइप असतात) विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं, "पाच वीकनेस आहेत, सोड." फायर, आइस, पॉयझन, फ्लाइंग, बग, या पाचांचे हल्ले ग्रासला दुप्पट लागतात, चार्ट म्हणजे याचाच तक्ता. हो, आहेत, कोणी नाकारत नाहीये. पण लढाई फक्त कोण कोणाला दुप्पट डॅमेज देतो यावर ठरते असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा समोर अमूंगस (ग्रासचा बुरशीसारखा पोकेमॉन) घेऊन खेळणाऱ्याशी खेळून बघावं. वनस्पतीवरून बनवलेले हे जे सगळे आहेत ना, त्यांची ताकद मारण्यात नाहीच मुळी, समोरच्याला त्याच्या मनासारखं खेळू न देण्यात आहे. स्पोर हा मूव्ह (लढाईतला डाव) १०० टक्के ॲक्युरसीने, म्हणजे न चुकता, झोपवतो. लीच सीड, समोरच्याचा दर टर्नला आठवा हिस्सा एचपी (जीव) काढून तुम्हाला देतो. स्लीप पावडर आहे (ही पण झोपवते), स्टन स्पोर आहे (लकवा मारतो), रेज पावडर आहे जी समोरच्याचे हल्ले स्वतःवर ओढून घेते. आणि २०१३ च्या एक्स आणि वाय या गेम्सपासून ग्रास टाइपवर पावडरवाले मूव्ह चालतच नाहीत, म्हणजे हे हत्यार ज्यांच्याकडे आहे त्यांनाच त्याची ढाल पण मिळालीये. माझं म्हणणं एवढंच, की ग्रास हा खेळातला सगळ्यात चांगला कंट्रोल टाइप आहे आणि त्याला डॅमेजच्या तराजूत तोलणं हा अन्याय आहे.

अंगार_अंगार
पूर्ण असहमत. कंट्रोल वगैरे ठीक आहे पण तू ज्याला टाइपची ताकद म्हणतोयस ती एकेका मूव्हची आणि एकेका पोकेमॉनची ताकद आहे. टाइप म्हणून ग्रासला काय मिळतं ते बघ ना, हल्ला करायचा तर वॉटर, ग्राउंड, रॉक या तिघांवर दुप्पट आणि सात टाइप ते अर्ध्यात झेलतात, फायर, ग्रास, पॉयझन, फ्लाइंग, बग, ड्रॅगन, स्टील. सात! एवढं वाईट फक्त बगचं आहे. आणि बचावात वॉटर रेझिस्ट करतो, म्हणजे तो अर्धाच लागतो, म्हणून खूष व्हायचं, तर जवळजवळ प्रत्येक वॉटर पोकेमॉन आइस बीम शिकतो. म्हणजे ज्याच्यासमोर तुम्ही छाती काढून यायचं तोच खिशात तुमचं औषध घेऊन फिरतो. वर यू-टर्न, बग टाइपचा मूव्ह, निम्म्या टीमवर असतो, तो तुम्हाला दुप्पट लागतो आणि मारणारा निघून पण जातो.

आणि जे ग्रासवाले खरंच भारी आहेत ते बघा, फेरोथॉर्न, कार्टाना. दोघं स्टील आहेत. स्टीलने पॉयझन, आइस, फ्लाइंग, बग चारही वीकनेस पुसून टाकले म्हणून ते भारी झाले. ग्रासचं त्यात योगदान काय तर फायर चौपट लागतो.

वेलवर्गीय
@अंगार_अंगार फेरोथॉर्नचं उदाहरण तू दिलंस हे बरं झालं. नुसता स्टील घे. त्याला ग्राउंड दुप्पट लागतो, वॉटर आणि इलेक्ट्रिक साधे लागतात. आता त्याला ग्रास जोड. ग्राउंड साधा झाला, वॉटर आणि इलेक्ट्रिक अर्धे झाले. पावसाच्या (पाऊस पाडून वॉटरचे हल्ले वाढवणाऱ्या) टीमसमोर फेरोथॉर्न इतकी वर्षं भिंत म्हणून उभा राहिला तो स्टीलमुळे का? तो उभा राहिला ग्रासमुळे. स्टीलने ग्रासची भोकं बुजवली आणि ग्रासने स्टीलची, अर्धं श्रेय कापून एकालाच द्यायचं हे बरोबर नाही. शिवाय लीच सीड टाकून, आयर्न बार्ब्स या ॲबिलिटीने (पोकेमॉनचा अंगचा गुण) हात लावणाऱ्याचा आठवा हिस्सा कापून, जिंकायचा कसा तो? ग्रासच्या पद्धतीनेच.

आणि मूव्हची ताकद वेगळी, टाइपची वेगळी, हे पण मला पटत नाही. गेम बनवणाऱ्यांनी स्पोर दिलाय कोणाला, पॅरासेक्ट, ब्रेलूम, अमूंगस, सगळे ग्रास. (स्मीअर्गल स्केच करून काहीही शिकतो, त्याला सोडा.) टाइपला व्यक्तिमत्त्व असतं आणि ते मूव्हमधूनच दिसतं.

जोहतोकर
तुम्ही दोघं कॉम्पिटिटिव्हच बोलताय, पण बहुतेक लोक स्टोरी खेळतात हो. चिकोरिटा (ग्रास स्टार्टर, म्हणजे सुरुवातीला निवडायचा पोकेमॉन) घेऊन गोल्ड किंवा सिल्व्हर हा गेम खेळून बघा मग बोला. पहिला जिम लीडर (वाटेत हरवायचा ट्रेनर) फॉकनर, फ्लाइंग. दुसरा बग्सी, बग, आणि त्याचा सायथर बग आणि फ्लाइंग दोन्ही म्हणजे तुमचा ग्रासचा हल्ला चौथाई. पुढे मॉर्टी, त्याचे घोस्ट सगळे पॉयझनपण आहेत. मग जास्मिन स्टीलची, प्राइस आइसचा, शेवटी क्लेअर ड्रॅगनची. त्यात रायव्हल फायरचा सिंडाक्विल घेऊन येणार. मला मेगॅनियम (चिकोरिटाचं मोठं रूप) मनापासून आवडतो, गळ्याभोवती पाकळ्या, डोळे किती शांत, पण तो अख्ख्या प्रदेशात पाहुण्यासारखा वावरतो, घर त्याचं कुठेच नाही. सॉरी पण नवीन मुलाला मी ग्रास स्टार्टर घे असं सांगणार नाही.

टांगेला_फॅन
जोहतोमध्ये (गोल्ड-सिल्व्हरचा प्रदेश) खरंय. पण कँटो (पहिल्या गेमचा प्रदेश) विसरू नका, तिथे ग्रासचा बल्बासॉर घेतला की पहिले तीन जिम सरळ जातात. ब्रॉकचे जिओड्यूड आणि ऑनिक्स दोघं रॉक आणि ग्राउंड, ग्रासचा वाइन व्हिप चौपट लागतो. मिस्टी वॉटरची. सर्जचा इलेक्ट्रिक अर्धाच लागतो. पहिल्या गेममध्ये तर लीच सीड सातव्या लेव्हललाच मिळायचा, वाइन व्हिप १३ ला, म्हणजे ज्यांना ब्रॉक कठीण गेला ते सगळे फायरच्या शार्मँडरवाले. पुढे सब्रिना सायकिक आणि ब्लेन फायर, तिथे त्रास होतो मान्य, पण तोपर्यंत टीम झालेली असते. एका प्रदेशावरून अख्खा टाइप वाईट ठरवू नका.

अजून एक, जुन्या काळात ग्रासची बदनामी झाली त्यात पॉयझनचा मोठा हात आहे. पहिल्या पिढीत बल्बासॉर, ऑडिश, बेलस्प्राउट तिन्ही घराणी ग्रास-पॉयझन, आणि तेव्हा राज्य सायकिकचं होतं जो पॉयझनला दुप्पट लागतो. निव्वळ ग्रास एकटा टांगेला. म्हणजे मार पॉयझनमुळे बसत होता आणि नाव ग्रासचं खराब झालं.

डबल्सवाला
मी फक्त डबल्स खेळतो म्हणजे सहातले चार आणायचे, मैदानात दोन दोन, आणि तिथे ग्रास कमजोर असं कोणी गंभीरपणे बोलत नाही. रिलाबूम, ग्रासचं ढोलवालं माकड. विषय संपतो खरं तर पण सांगतोच. तो आला की ग्रासी सर्ज या ॲबिलिटीमुळे जमिनीवर गवत पसरतं, पाच टर्न, जमिनीवरच्या सगळ्यांना दर टर्नला सोळावा हिस्सा एचपी परत, ग्रासचे मूव्ह १.३ पट, आणि अर्थक्वेक हा ग्राउंडचा मूव्ह निम्म्यावर येतो. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात आणि खरी गंमत तिथेच आहे. तुमच्या बाजूला इन्सिनेरोर किंवा हीट्रॅन असा ग्राउंडला घाबरणारा फायरवाला उभा असेल आणि समोरच्याचा सगळा प्लॅन अर्थक्वेकवर असेल तर रिलाबूमने नुसतं येऊनच त्याचा अर्धा प्लॅन मोडला. मग फेक आउटने एकाचा टर्न खायचा, आणि पुढच्या टर्नपासून ग्रासी ग्लाइड, गवत असेपर्यंत प्रायॉरिटी, म्हणजे समोरचा कितीही वेगवान असो, साध्या मूव्हच्या आधी हा बसणार. ऊर्शिफूचं वॉटरवालं रूप घ्या, ज्याच्यासमोर प्रोटेक्ट (हल्ला अडवणारा मूव्ह) पण चालत नाही, त्याला हात उचलायच्या आत गाठणारा कोण? माकड, ढोल घेऊन.

आणि फायर, वॉटर, ग्रास हा तिघांचा सांगाडा दर वर्षी नव्या रूपात परत येतो तो काय उगाच? वॉटरवाले ज्याला घाबरतात तो ग्रास, ग्रासवाले ज्याला घाबरतात त्याच्यासाठी वॉटर बाजूला तयार. एकट्याचे पाच वीकनेस मोजणं हा सिंगल्सचा हिशोब झाला, डबल्समध्ये शेजारी कोण आहे ते आधी बघतात.

अंगार_अंगार
@डबल्सवाला रिलाबूम भारी आहे, मी कुठे नाही म्हटलं? पण तुझ्याच यादीत बघ, ग्रासी सर्ज ही ॲबिलिटी, फेक आउट नॉर्मल टाइपचा मूव्ह, आणि ग्रासी ग्लाइड गवतावर अवलंबून. समोरच्याने गवताच्या जागी सायकिक टेरेन (जमिनीचा दुसरा प्रकार) पसरवलं की प्रायॉरिटी गेली, गवत पण गेलं. आणि हा मूव्ह इतका भारी होता की पुढच्या पिढीत त्याची पॉवर ७० वरून ५५ वर आणली. एका पोकेमॉनला एवढी खिरापत द्यावी लागली तेव्हा कुठे ग्रासचा हल्ला टीममध्ये घ्यावासा वाटला, हे टाइपच्या बाजूने बोलतं का विरोधात?

आणि टाइप खरंच मजबूत असेल तर निव्वळ ग्रास, काही खास ॲबिलिटी नसलेला, साधा पोकेमॉन चांगला चालायला हवा. वॉटरमध्ये असे ढिगाने आहेत. ग्रासमध्ये दाखव.

ऊन_पाहिजे
निव्वळ ग्रास म्हणून सरपीरियर सांगणार होतो पण तो पण ॲबिलिटीवरच, काँट्ररीमुळे लीफ स्टॉर्म मारला की स्पेशल ॲटॅक उतरायच्या ऐवजी दोन पायऱ्या चढतो, १३० पॉवरचा मूव्ह मारत मारत अजून भयंकर होत जायचं. ॲबिलिटी वजा करून कोणालाच मोजता येत नाही हो, हा निकष लावला तर निम्मे फायरवाले पण पडतील.

मला ऊन हा विषय काढायचाय कारण वनस्पती म्हणून डिझाइन किती विचार करून केलंय ते तिथे कळतं. क्लोरोफिल ही ॲबिलिटी असली तर उन्हात वेग दुप्पट. सोलर बीमला एरवी एक टर्न थांबावं लागतं, उन्हात लगेच सुटतो. सिंथेसिसने एरवी अर्धा एचपी भरतो, उन्हात दोन तृतीयांश, आणि पाऊस किंवा वाळूचं वादळ असेल तर फक्त एक चतुर्थांश. ग्रोथ उन्हात दुप्पट चढतो. पानाला ऊन मिळालं की काय होतं हे असं नियमांमध्ये उतरवलंय! फायरवाला टॉर्कोल येऊन ऊन पाडतो, शेजारी व्हिनासॉर (बल्बासॉरचं मोठं रूप), वेग दुप्पट, सगळ्यांच्या आधी स्लीप पावडर, आणि आता तुमचा एक पोकेमॉन झोपलाय आणि दुसऱ्यावर टॉर्कोलचा इरप्शन येतोय. यात ग्रासने डॅमेज किती दिलं? शून्य. जिंकवलं कोणी? ग्रासने.

जोहतोकर
@ऊन_पाहिजे पण तेच ऊन फायरचे मूव्ह दीडपट करतं ना? म्हणजे ग्रास ज्या हवामानात फुलतो त्याच हवामानात त्याला जाळणारा पण दीडपट. वॉटरवाल्यांना पावसात असा भुर्दंड नाही, पावसात इलेक्ट्रिकची ताकद वाढत नाही (थंडर चुकत नाही एवढंच), उलट ग्रासचा सोलर बीम अर्धा होतो. आणि स्लीप पावडर ७५ टक्के आहे, चारातून एकदा चुकते, ती नेमकी महत्त्वाच्या टर्नला चुकली की व्हिनासॉर तिथे उभाच राहतो मार खायला. डिझाइन सुंदर आहे, १०० टक्के मान्य. पण सुंदर आणि मजबूत एकच नाही.

संथगती
अमूंगसचं नाव वर घेऊन सोडून दिलं, मी त्याच्यासाठी आलोय. स्पीड ३०. लोक याला दोष समजतात. ट्रिक रूममध्ये हळू चालणारे आधी जातात, म्हणजे ३० स्पीडवाला तिथे राजा, आधी स्पोर, मग पुढच्या टर्नला रेज पावडर, मग पोलन पफने शेजाऱ्याचा अर्धा एचपी भरायचा, आणि स्वतः थकला की मागे जायचं, रिजनरेटरने एक तृतीयांश भरून परत हजर. एचपी ११४ आहे, सहज मरत नाही. (बुरशी ही वनस्पती नाही हे मला पण माहितीये, पण गेमने तिला ग्रासमध्ये घातलंय आणि मला ते आवडतं, जंगलाच्या जमिनीवर एकत्रच राहतात ना ती दोघं.)

आणि @अंगार_अंगार, टाइप म्हणून ग्रासची किंमत बघायची असेल तर स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये बघ. टेरास्टलाइज करून कोणी पण आपला टाइप बदलू शकतो, आणि भले भले पोकेमॉन, ज्यांचा झाडाशी काही संबंध नाही, टेरा ग्रास घेऊन येतात. का? स्पोर लागू नये म्हणून. म्हणजे पाच वीकनेस अंगावर घ्यायला तयार, पण पावडरची ढाल पाहिजे. निव्वळ टाइपची किंमत, ॲबिलिटी नाही, मूव्ह नाही. तू मागितलेला पुरावा हाच.

अंगार_अंगार
हा मुद्दा चांगला आहे, मानतो. पण विचार कर, ती ढाल कशापासून, तर ग्रासच्याच हत्यारापासून. अमूंगस गेममध्ये नसेल तर किती जण टेरा ग्रास घेतील?

माझं मत बदललेलं नाही, मला चार्टमध्ये दुरुस्ती पाहिजे. फेअरी २०१३ मध्ये आला, तेव्हाच ग्रासला काहीतरी द्यायची संधी होती. ग्रासचा हल्ला फेअरीवर दुप्पट करा, किंवा आइस निदान साधा लागू द्या. एवढं केलं तर वर जोहतोकर म्हणतो तसे मेगॅनियम, असे सगळे मागे पडलेले वर येतील.

वेलवर्गीय
आणि अमूंगस, रिलाबूम पण अजून वर जातील त्याचं काय? पाच वीकनेस ही स्पोरची किंमत आहे. १०० टक्के झोपवणारा मूव्ह आणि वर चांगला चार्ट, दोन्ही एकाच टाइपला दिलं तर बाकीच्यांनी खेळायचं कशाला? मला ग्रास असाच पाहिजे, अंगावर घाव झेलणारा आणि तरी समोरच्याला हलू न देणारा.

अंगार_अंगार
पण मेगॅनियमला स्पोर नाही रे. स्लीप पावडर पण नाही. क्लोरोफिल नाही, रिलाबूमसारखं आल्याआल्या गवत पसरवणं नाही. अमूंगसच्या स्पोरची किंमत मेगॅनियमने का भरायची? सात टाइप त्याचा हल्ला अर्ध्यात झेलतात, पाच दुप्पट लागतात आणि हातात रिफ्लेक्ट आणि लाइट स्क्रीन, दोन्ही नुसते बचावाचे मूव्ह. किंमत घ्यायची तर ज्याने वस्तू घेतली त्याच्याकडून घ्या.

जोहतोकर
+१. मेगॅनियमला आधी काहीतरी द्या, मग बाकीचं बोलू.

वेलवर्गीय
द्या की, पण मूव्ह द्या, ॲबिलिटी द्या. रिलाबूमला ग्रासी सर्ज मिळाली तशी त्याला पण काहीतरी द्या, त्याच्या पाकळ्यांच्या वासाने भांडण शांत होतं असं पोकेडेक्सच सांगतो, त्यावरून शेजाऱ्याला सांभाळणारी ॲबिलिटी सहज बनेल. चार्टला हात लावू नका.