ऑफरोडसाठी हवेचा कंप्रेसर: २४५/७५ आर १६ टायरला नेमका कोणता घ्यावा?

गंगापूररोड_४बाय४

नमस्कार मंडळी. गाडी थार, टायर २४५/७५ आर १६, ट्यूबलेस. जाणं-येणं त्र्यंबक–हरसूल–पेठ भागात, पावसाळ्यात इगतपुरी–भंडारदरा. चिखलाला आणि दगडी चढाला हवा १८-२० पीएसआयवर (पीएसआय म्हणजे टायरमधला दाब मोजायचं एकक) आणावी लागते आणि डांबरी लागली की परत ३२ करावी लागते. सध्या सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कंप्रेसर आहे. खोक्यावर १५० पीएसआय आणि मिनिटाला ३५ लिटर असं छापलंय. प्रत्यक्षात एक टायर १८ वरून ३२ व्हायला सात-आठ मिनिटं लागतात, तिसऱ्या टायरला मशीन आपोआप बंद पडतं, आणि दोनदा सॉकेटचा फ्यूज उडाला.

नवीन घेताना काय बघायचं? सॉकेटवरच चालेल असा मोठा मिळतो का, की बॅटरीवर लावायचा घेऊ? पेट्रोल पंपावर हवा भरण्याचा सल्ला नको, हरसूलच्या बाजूला जिथे हवा कमी करतो तिथून पंप फार लांब पडतो.

सातपूरकर

१५० पीएसआयवर जाऊ नका. तुम्हाला ३२ हवंय आणि तेवढा दाब सायकलचा पंपसुद्धा देतो. बघायचं ते मिनिटाला किती लिटर हवा जाते, आणि तीही दाबाविरुद्ध.

हिशोब असा. तुमच्या टायरच्या पोटात साधारण ६५ ते ७० लिटर जागा आहे. १८ वरून ३२ म्हणजे १४ पीएसआय वाढवायचे, म्हणजे जवळजवळ एक वातावरणाचा दाब, म्हणजे टायरच्या पोटाएवढीच बाहेरची हवा आत घालायची. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ, म्हणून थोडी जास्तच ओढावी लागते. एका टायरला ६८ लिटर धरा, चार टायरना २७०. तुमचं मशीन साडेसात मिनिटं घेतं म्हणजे ते प्रत्यक्षात मिनिटाला ९ लिटर देतंय. खोक्यावरचे ३५ हे नळीचं तोंड मोकळं सोडून मोजलेले असतात. समोर दाब आला की पिस्टनच्या डोक्याशी उरलेली हवा दाबली जाते आणि परत फुगते, तेवढा स्ट्रोक फुकट जातो. पिस्टन लहान आणि फिटिंग ढिलं असेल तर हा तोटा फार मोठा होतो.

म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: ३० पीएसआयवर किती लिटर? चांगल्या कंपन्या दाबानुसार लिटरचा तक्ता देतात. तक्ता नसेल तर खोक्यावरच्या आकड्याच्या निम्मे धरा, अगदी स्वस्तातल्या मशीनला एक चतुर्थांश. तुमच्या टायरला ३० पीएसआयवर २५ ते ३० लिटर देणारं मशीन पुरेसं आहे. एका टायरला अडीच मिनिटं, चारही दहा-अकरा मिनिटांत. खोक्यावर ७० लिटरच्या आसपास लिहिलेलं, एका सिलिंडरचं, २५ ते ३० अँपिअर घेणारं मशीन या गटात बसतं. दोन सिलिंडरचं तुम्हाला लागणार नाही. ते ३३ इंचाच्या पुढच्या टायरला किंवा एकाच कंप्रेसरवर चार-पाच गाड्या भरायच्या असतील तेव्हा घ्यावं.

दुसरी गोष्ट ड्यूटी सायकल, म्हणजे एकूण वेळेतला किती वेळ मशीन चालवता येतं ते. ३३ टक्के म्हणजे दहा मिनिटं चालवलं की वीस मिनिटं थंड करायचं. तुमचं जुनं मशीन तिसऱ्या टायरला बंद पडतं ते याचमुळे: दोन टायरची पंधरा मिनिटं झाली की आतला थर्मल कट-ऑफ (तापलं की बंद करणारा स्विच) मोटरची वीज तोडतो. तो बिघाड समजू नका, तो नसता तर मोटरमधलं तारेचं वाइंडिंग जळालं असतं. नवीन मशीन सलग किमान पंधरा मिनिटं चालेल असं लिहून दिलेलं बघा.

अंबडचा_वायरमन

फ्यूज का उडतो ते सांगतो. लायटरच्या सॉकेटला बहुतेक गाड्यांत १५ अँपिअरचा फ्यूज असतो, काहींत १०. तुमचं मशीन चालताना १२-१४ घेत असेल, पण सुरू होताना आणि दाब चढताना ओढ वाढते. त्यात सॉकेटमधली स्प्रिंगची पिन ढिली असली की तिथेच गरम होतं. प्लग काढल्यावर टोक हाताला चटका देत असेल तर तेच कारण.

आता हे नीट वाचा: १५ च्या जागी २० किंवा २५ चा फ्यूज घालू नका. डॅशबोर्डमागची वायर १५ च्या हिशोबाने टाकलेली असते. मोठा फ्यूज घातला तर फ्यूजच्या आधी वायर वितळेल, आणि ती दिसतसुद्धा नाही.

२५-३० अँपिअरचं मशीन थेट बॅटरीवरच. आधी लाल चिमटा बॅटरीच्या प्लसवर, मग काळा इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या लोखंडी बोल्टवर. काढताना उलट, आधी काळा. काळा थेट मायनसवर नको म्हणतो, कारण आजकाल बऱ्याच गाड्यांत मायनसच्या क्लॅम्पवर बॅटरी सेन्सर असतो आणि चिमटा बरोबर त्यालाच धरतो. लाल वायरवर, चिमट्यापासून वीतभर अंतरात, ४० चा फ्यूज असलाच पाहिजे. काही मशीनच्या वायरवर तो नसतो, तिथे स्वतः बसवा.

मशीन चालताना इंजिन चालू ठेवा. बंद गाडीत बॅटरी १२.४ व्होल्टच्या आसपास आणि लोड आला की त्याहून खाली; इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. मोटरचा वेग व्होल्टवर असतो, तेवढ्याने भरायच्या वेळेत ठळक फरक पडतो. मात्र बंद शेडमध्ये किंवा गॅरेजचं शटर ओढून असं करू नका, धूर जीव घेतो.

मागच्या टायरपर्यंत पोचायला वायर लांबवू नका, हवेची नळी लांबवा. ३ मीटर लांबीच्या २.५ चौरस मिलिमीटर वायरमध्ये ३० अँपिअरला जाता-येता सव्वा व्होल्ट खर्ची पडतो. ६ ची वायर घेतली तर अर्धा व्होल्ट. सहा-सात मीटरची जाळीदार रबरी नळी आणि क्विक कपलर (नळी झटक्यात जोडायचा-सोडायचा जोड), एवढ्यात चारही टायर होतात.

हरसूलघाट

वरच्या दोघांनी मशीनचं सांगितलं, मी वापराचं सांगतो.

हवा किती उतरवायची ते जमिनीवर ठरवा. आपल्याकडे मुरूम आणि काळा कातळ, दगडाच्या कडा धारदार. १८ वर टायरचं पोट बाहेर येतं आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, थेट दगडाला घासते; तिथे कापलं तर पंक्चरची दोरी काही कामाची नाही. दगडी चढाला २२ ते २४ पुरे. १८ ते २० फक्त काळ्या मातीच्या चिखलाला. बीडलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारं कडं) नसताना १५ च्या खाली कधीच नाही, जोरात स्टिअरिंग कापलं की टायर रिमवरून उतरतो. १८-२० वर असताना वेग ३०-४० च्या आत ठेवा, आणि डांबरी लागली की भरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता भरताना. नळीच्या टोकाचं पितळी तोंड स्क्रूचं असेल तर पहिल्या दोन आट्यांत काही होत नाही. तिसऱ्या आट्याला आतली सुई टायरच्या व्हॉल्व्हमधल्या पिनवर बसते आणि हवा फुस्स करून उलटी येते. बहुतेक जण इथेच दचकून थांबतात. थांबू नका, अजून एक-दोन आटे पटकन फिरवा, आवाज बंद होतो. काढताना हाच फुस्स परत, त्यात अर्धा-एक पाउंड (म्हणजे पीएसआयच) जातो, म्हणून ३३ ला थांबा. शिवाय दुसऱ्या टायरपर्यंत हे पितळ इतकं तापतं की उघड्या बोटांनी सुटत नाही. हातमोजा जवळ ठेवा. खटक्याने बसणारं तोंड मिळालं तर उत्तम, पण त्याचं रबर वर्षा-दोन वर्षांत कडक होतं, जादा वायसर घेऊन ठेवा.

मशीनवरचं गेज चालू असताना खरं सांगत नाही. ते नळीतला दाब दाखवतं, टायरपेक्षा चार-पाच जास्त. बंद करा, काटा स्थिर होऊ द्या, मग वाचा. त्याहून चांगलं म्हणजे ० ते ६० चं वेगळं गेज. २ टक्के चूक ० ते १५० च्या गेजवर ३ पीएसआय होते, ६० च्या गेजवर सव्वा. १८ आणि २१ यात टायर फाटण्याइतका फरक आहे, म्हणून हा खर्च टाळू नका.

रानातून आल्या आल्या टायर गरम असतात. तेव्हा ३२ केलं तर सकाळी २९ दिसेल, गळती समजून पंक्चरवाल्याकडे धावू नका. साधारण ५-६ अंशाला १ पीएसआय. निफाडकडे थंडीत पारा दहाच्या खाली जातो, तिकडच्या गाड्यांना दुपारी भरलेली हवा पहाटे कमीच दिसणार. थंड टायरला किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं, अंतिम आकडा तोच.

आणि मशीन मातीत ठेवू नका. खाली पायपुसणं टाका. हवा ओढण्याच्या तोंडाशी स्पंजचा फिल्टर असतो, प्रत्येक फेरीनंतर झटका, महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. ओला लावलात तर पाणी सिलिंडरमध्ये जातं.

गंगापूररोड_४बाय४

मनापासून आभार. अजून दोन प्रश्न. हातात धरायचे बॅटरीवाले पंप चालतील का? आणि टायर रिमवरून उतरलाच तर या कंप्रेसरने परत बसतो का?

सातपूरकर

हातातला बॅटरीवाला पंप रोजच्या दोन-तीन पाउंडांसाठी छान आहे. चारही टायरना नाही. आत साधारण २००० एमएएचचे तीन सेल, म्हणजे २२ वॉट-तास. हवा मिनिटाला १२ लिटर धरली तरी तुमच्या २७० लिटरला बावीस-तेवीस मिनिटं, आणि बॅटरी त्याच्या बरीच आधी संपते.

हरसूलघाट

उतरलेला टायर बसतो, पण तयारी लागते. चाक जॅकवर उचला, बीडवरची (टायरची रिमवर बसणारी कड) आणि रिमच्या कडेची माती पुसा, दोन्हीला साबणाचं पाणी लावा. व्हॉल्व्हची पिन काढून टाका, म्हणजे हवा एकदम आत जाते. तरी बाजूने निसटत असेल तर टायरच्या मधोमध रॅचेट पट्टा (सामान बांधायचा, खटक्याने आवळणारा) गुंडाळून आवळा, त्याने बीड बाहेर दाबले जातात. भरायला लागलं की पट्टा सैल करा. दोन्ही बाजूंना ठक्क आवाज येईल. ४० पीएसआयच्या वर नेऊ नका आणि साइडवॉलसमोर उभे राहू नका. ४० ला बसला नाही तर हवा सोडा, परत साबण लावा. बसला की नळी काढून अंगठ्याने व्हॉल्व्ह दाबा, पिन लावा, मग ३२ करा. पेट्रोल किंवा स्प्रे उडवून काडी लावण्याचे व्हिडिओ फिरतात, ते अजिबात करू नका.

पिन काढायची छोटी चावी पंक्चरच्या दुकानात मिळते. दोन जादा पिना घेऊन ठेवा, चिखलात पडलेली पिन सापडत नाही.