पॅरासोम्निया: पोर्टनॉय परतला, पण ड्रीम थिएटर पुढे सरकलं का?

सावनी_के

ड्रीम थिएटर या अमेरिकन प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचा 'पॅरासोम्निया' हा अल्बम ७ फेब्रुवारी २०२५ ला आला. पहिल्या ऐकण्यावर मत द्यायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून इतके दिवस गप्प होते. आता अल्बम तोंडपाठ झालाय, तेव्हा बोलते.

ड्रमर माईक पोर्टनॉय सप्टेंबर २०१० मध्ये बँड सोडून गेला, ऑक्टोबर २०२३ मध्ये परतला. त्याच्यासोबतचा हा २००९ नंतरचा पहिला अल्बम, बँडचा सोळावा. तो परतल्याची बातमी वाचली त्या दिवशी मला ऑफिसात काम सुचलं नव्हतं, इतकी मी या बँडची आहे. म्हणूनच बोचतंय. आठ तुकडे, एकाहत्तर मिनिटं, आणि त्यात मला अडवून ठेवणारी नवी जागा एकही नाही. जडपणा त्यांच्याच जुन्या 'ट्रेन ऑफ थॉट' अल्बमचा, भयाचं वातावरण २००९ च्या 'ब्लॅक क्लाउड्स'चं, आणि शेवटी 'द शॅडो मॅन इन्सिडेंट' हे साडेएकोणीस मिनिटांचं गाणं, कारण शेवटी मोठं गाणं असतंच. 'मिडनाइट मसाया' या गाण्याचे शब्द पोर्टनॉयचे, आणि त्यात त्याने बँडच्या जुन्याच गाण्यांचे संदर्भ विणलेत. घरी परतलेल्या माणसाने भिंतीवरचे जुने फोटो दाखवत बसावं तसं वाटतं.

याच बँडने २००२ मध्ये एक अख्खी सीडी एकाच गाण्याला दिली होती. २०१६ चा 'द अस्टॉनिशिंग' तर चौतीस तुकड्यांचा, दोन तासांहून मोठा. तो फसला, मलाही सलग ऐकवत नाही. पण तिथे त्यांनी उडी मारली होती. इथे पाय जमिनीवरून उचललाच नाही.

तेरा_अष्टमांश

सावनीताई, साफ असहमत.

एक करून बघा. २०२१ चा 'अ व्ह्यू फ्रॉम द टॉप ऑफ द वर्ल्ड' आणि हा अल्बम लागोपाठ लावा, हेडफोनवर. दोन्हींचा निर्माता बँडचा गिटारिस्ट जॉन पेट्रुची. दोन्हींचं मिक्सिंग अँडी स्नीपचं. दोन्ही न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या बँडच्या स्वतःच्या स्टुडिओत घडलेले. माणूस बदलला तो फक्त ड्रम्सवरचा. तरीही अख्खा बँड वेगळा वाजतो. हे 'नवं नाही' कसं?

मी सात वर्षं तबला शिकलो. वर्गात सगळ्यात जास्त बोलणी बसायची ती तिहाई चुकली म्हणून नव्हे, समेवर यायची घाई केली म्हणून. या अल्बममधलं 'नाइट टेरर' त्या कानाने ऐका. रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) बदलायच्या आधी पोर्टनॉय टॉम्सवरून (ड्रम संचातल्या ढोलांवरून) एक छोटासा तुकडा घेतो आणि मग झांजेवर पडतो. पुढे वळण आहे हे ऐकणाऱ्याला आधी कळतं, मग वळण येतं. मात्रा विषम असल्या तरी मान आपसूक हलते ती त्यामुळे. मधली वर्षं ड्रम्सवर असलेल्या माईक मँजिनीच्या काळात मला मोजावं लागायचं. इथे मोजणं विसरायला होतं.

रुद्र_पुणे

मँजिनीवर इतक्या सहज फुली मारू नका, फार अन्याय होतो त्या माणसावर.

२०११ च्या अल्बमची गाणी तो स्टुडिओत पाऊल टाकायच्या आधीच रचून झाली होती. ड्रम्सचे ढोबळ आराखडे पेट्रुचीने कॉम्प्युटरवर बसवलेले, मँजिनीने त्यावर हात चालवला. स्वतःच्या रचनेत श्वास घेणं आणि दुसऱ्याने आखलेल्या चौकटीत श्वास घेणं यात फरक असणारच. २०१३ च्या अल्बममधला स्नेअर ड्रम कोरडा लागतो, मान्य. पण तो दोष आवाज मांडणाऱ्याचा, वाजवणाऱ्याचा नाही. बर्कली संगीत महाविद्यालयातली शिकवायची नोकरी सोडून तो या बँडमध्ये आला होता. आणि बँडला पहिलं ग्रॅमी मिळालं ते २०२२ मध्ये, 'दि एलियन' या गाण्यासाठी, ड्रम्सवर मँजिनीच असताना. तेरा वर्षं त्याने गाडा ओढला. 'आता खरा बँड परत आला' हे वाक्य वाचलं की मला त्रास होतो.

अल्बमबद्दल म्हणाल तर सावनीशी सहमत. याच लोकांनी २०२१ मध्ये आठ तारांची गिटार घेऊन 'अवेकन द मास्टर' हे गाणं केलं होतं. ती भूक इथे दिसत नाही.

अनघा_रात्रपाळी

सगळे ड्रम्सवर बोलताय. विषयावर कोणी बोलणार का?

पॅरासोम्निया म्हणजे झोपेत होणारे विकार: झोपेत चालणं, दचकून ओरडत उठणं, जाग येऊनही अंग न हलणं. यातलं शेवटचं मी कॉलेजपासून भोगतेय. जाग आलेली असते, पंखा दिसतो, खिडकीच्या पडद्याची कड दिसते, बोट हलवायचं म्हटलं तरी हलत नाही. आणि दाराशी कोणीतरी उभं असतं. माझी आजी म्हणायची, छातीवर कोणीतरी येऊन बसतं. डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं: स्वप्नं पडतात त्या टप्प्यात शरीर स्नायू सैल सोडतं, आणि मेंदू त्याच्या आधी जागा झाला की असं होतं. कळलं म्हणून भीती गेली असं नाही.

'द शॅडो मॅन इन्सिडेंट' त्याच सावलीवर आहे. मी ते पहिल्यांदा रात्री तीन वाजता ऐकलं, पाळीवरून घरी येताना कॅबमध्ये, आणि मधेच बंद केलं. दुसऱ्या दिवशी उजेडात पूर्ण ऐकलं. ते लांब आहे म्हणून सावनीने तक्रार केली. ते आटोपशीर असतं तर खोटं झालं असतं. घड्याळात मिनिटभराचा असेल तो प्रकार, पण आतून संपतच नाही. एखाद्या गाण्याने ते लांबणं तसंच्या तसं माझ्या हातात ठेवावं, असं याआधी कधी झालं नव्हतं. मला यापेक्षा नवं काय हवं?

निशांत७७

अनघा, तुमचं वाचून थांबलो थोडा. तरी शब्दांबद्दल बोलायलाच हवं. बरीच गाणी विकार समजावून सांगतात, आतून बोलत नाहीत. 'डेड अस्लीप' बघा. स्वप्नात घुसखोराशी झुंजणारा माणूस जागा होतो, आणि शेजारी बायको मेलेली, त्याच्याच हातांनी. एवढी भयंकर गोष्ट हातात असताना घटनाच सांगत राहायची? त्याचे ते हात, तो पहिला क्षण, तिथे थांबायला हवं होतं. संगीत थांबतं, शब्द थांबत नाहीत.

तेरा_अष्टमांश

निशांत, शब्दांबाबत मान्य. या बँडकडे मी शब्दांसाठी कधीच गेलो नाही. अपवाद पोर्टनॉयच्या दारू सोडण्यावरच्या पाच गाण्यांचा. २००२ ते २००९, पाच अल्बममधून पसरलेली ती गाणी आजही अंगावर येतात.

मीनल_गाते

बँडचा गायक जेम्स लाब्री याच्याबद्दल कोणीच चांगलं बोललं नाही म्हणून लिहिते. १९९४ च्या शेवटी क्युबात अन्नातून विषबाधा झाली, उलट्यांनी स्वरयंत्राला इजा झाली, तरी माणूस उभा राहिला. हा अल्बम आला तेव्हा तो एकसष्टचा. जुन्या उंच जागा तो इथे धरायला जात नाही, खालच्या पट्टीत शब्द नीट ठेवतो. मी स्वतः गाते. वयाबरोबर पट्टी उतरवायला किती धीर लागतो ते मला माहीत आहे.

सावनी_के

अनघा, तुझं उत्तर तीनदा वाचलं. मी बाहेरून रचना मोजत होते, तू आतून ऐकत होतीस. शॅडो मॅनबद्दलचं माझं म्हणणं मागे घेते.

तेरा_अष्टमांश, सांगितलं तसं दोन्ही अल्बम लागोपाठ लावले. फरक आहे, आणि तो पोर्टनॉयचाच आहे. पण आवाज घरचा वाटला म्हणजे गाणं नवं झालं असं मी अजूनही मानत नाही. 'मिडनाइट मसाया'वर माझं मत तेच.

'बेंड द क्लॉक' मात्र काल पहिल्यांदा नीट ऐकलं. शेवटी पेट्रुचीचा तो लांब सोलो सुरू होतो आणि मागे पोर्टनॉय जवळजवळ काहीच करत नाही, साधा ठेका धरून बसतो. सगळं वाजवता येणारा माणूस तिथे गिटारला जागा देऊन गप्प आहे. अल्बमभर मला हेच हवं होतं, मिळालं साडेसात मिनिटांचं. पुढच्या अल्बममध्ये इथूनच सुरुवात करा, असं त्यांना सांगावंसं वाटतंय.